वरचे दूध आणि सत्तर अंश

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही सूक्ष्मजीवांवर बोलत होतो. बोलता बोलता प्रश्न विचारला, "बाळाचे डब्याचे दूध तयार करताना पाणी उकळून का घ्यायचे?" वर्गातून एकमुखाने उत्तर आले, "पाण्यातले जंतू मरावेत म्हणून." उत्तर बरोबर होते आणि अर्धेही होते. उरलेले अर्धे आम्हालाही त्या दिवशी ठाऊक नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत एक तरुण शिक्षिका भेटायला आल्या. नोकरी कंत्राटी, बाळ सव्वातीन महिन्यांचे, दिवसभर सासूबाईंकडे. सकाळी सहाला त्या दिवसभराचे दूध एकदमच कालवून थर्मासमध्ये भरून ठेवत. शेवटची बाटली दुपारी दोनला दिली जाई. "थर्मास चांगला आहे सर, दूध कोमट राहतं. चालतं ना?" असे त्यांनी विचारले. जीवाणूंच्या वाढीचे आलेख प्रयोगशाळेत आम्ही शेकड्यांनी काढले असतील, पण या प्रश्नाला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर शोधाशोध केली आणि हाती आली ती जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका. शिशुदुग्धाची पावडर सुरक्षितपणे कशी तयार करावी, साठवावी आणि हाताळावी हा तिचा विषय. तिच्यासोबत घरी दूध तयार करणाऱ्यांसाठी एक छोटी सचित्र पुस्तिकाही आहे. आज या दोन्हींचे परीक्षण करायचे आहे. कोट्यवधी बाळांच्या तोंडी जाणारी गोष्ट ज्या लिखाणाच्या आधारे तयार व्हावी अशी अपेक्षा आहे, ते लिखाणही पाठ्यपुस्तकाइतकेच तपासून पाहायला हवे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, याविषयी विज्ञानात दुमत नाही आणि मार्गदर्शिकाही तेच सांगते. पण आई आजारी असते, आई नसते, आईला कामावर जावे लागते, कधी दूध पुरत नाही. अशा घरांत वरचे दूध येतेच. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती. उरलेल्या सर्वांनाच बाटली मिळत होती असे नाही. कुणाला पाणी, कुणाला गाईचे दूध, कुणाला आणखी काही मिळत असेल. पण त्यांच्याशी बोलताना "आईचेच दूध द्या" एवढे सांगून थांबणे पुरेसे नाही, हे उघड आहे.

पावडर निर्जंतुक नसते

मार्गदर्शिकेचे सर्वांत मोठे योगदान एका साध्या विधानात आहे. शिशुदुग्धाची पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असो, कंपनी नामांकित असो, तारीख ताजी असो, नसतेच. दूध सुकवण्यापूर्वी तापवले जाते हे खरे. पण सुकवल्यानंतर त्यात जीवनसत्त्वे वगैरे मिसळताना, भरताना, कारखान्यातील हवा आणि यंत्रे यांच्या संपर्कातून थोडे जीवाणू पुन्हा शिरू शकतात. कोरड्या पावडरीत ते वाढत नाहीत. पण मरतही नाहीत, कित्येक महिने तग धरून राहतात. पाणी मिळाले की जागे होतात.

यांतले दोन मार्गदर्शिकेने विशेष धोक्याचे मानले आहेत. एक आपल्या परिचयाचा, सालमोनेला. दुसऱ्याचे नाव क्रोनोबॅक्टर. पूर्वी याला एंटरोबॅक्टर साकाझाकी म्हणत. जपानी जीवाणुशास्त्रज्ञ रिइची साकाझाकी यांच्या सन्मानार्थ १९८० साली ते नाव दिले गेले. पुढे वर्गीकरण बदलले तेव्हा, आपलीच मुले गिळणारा ग्रीक पुराणातला क्रोनस शास्त्रज्ञांना आठवला. या जंतूमुळे होणारा आजार विरळा आहे. मात्र नवजात बाळाला तो झाला तर मेंदूज्वर होऊ शकतो, बाळ दगावू शकते. वाचले तरी मेंदूला कायमची इजा राहू शकते. दोन महिन्यांखालील, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली आणि कमी वजनाची बाळे याला जास्त बळी पडतात. त्यांच्या जठरातले आम्ल सौम्य असते आणि प्रतिकारशक्ती अजून घडत असते.

हा धोका कागदावरचा नाही. २००१ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील एक नवजात बाळ या जंतूच्या मेंदूज्वराने दगावले. तपासात तोच जंतू पावडरीत सापडला. उघडलेल्या डब्यात आणि त्याच खेपेच्या न उघडलेल्या डब्यांतही. २०२२ च्या फेब्रुवारीत मिशिगन राज्यातील एका कारखान्याची पावडर बाजारातून परत मागवावी लागली. त्या कारखान्याच्या परिसरात क्रोनोबॅक्टर आढळला. बाळांच्या आजाराशी त्याचा थेट दुवा मात्र सिद्ध झाला नाही.

म्हणजे पाणी उकळण्याची कारणे दोन आहेत. पाण्यातले जंतू मारणे हे एक, आणि पावडरीतले जंतू मारणे हे दुसरे. पहिल्यासाठी पाणी उकळून गार केले तरी चालते. दुसऱ्यासाठी ते पावडर घालताना गरमच असावे लागते. वर्गातल्या उत्तराचा सुटलेला अर्धा भाग तो हा.

सत्तर का आणि दोन तास का

मार्गदर्शिकेची कृती थोडक्यात अशी. हात साबणाने धुवावेत, जागा स्वच्छ करावी, बाटली, बूच आणि भांडी धुऊन उकळून घ्यावीत. ताजे पाणी खळखळून उकळावे. ते ७० अंश सेल्सिअसखाली जाण्याआधी, म्हणजे उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत बाटलीत मोजून घ्यावे. डब्यावर सांगितली तेवढीच पावडर सपाट चमच्याने घालावी. हलवून मिसळल्यावर बाटली गार पाण्यात धरून दूध चटकन पिण्याइतके निववावे, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावे आणि पाजावे. दोन तासांत संपले नाही तर टाकून द्यावे. आधी करून ठेवायचेच असेल तर लगेच गार करून फ्रिजमध्ये ५ अंश किंवा त्याखाली ठेवावे, तेही २४ तासांपेक्षा जास्त नाही.

७० अंशांच्या पाण्यात क्रोनोबॅक्टरची संख्या दहा हजारांत एक इतकी, किंवा त्याहूनही खाली येते, असे प्रयोगांत दिसले आहे. कोमट पाणी याच्या उलट काम करते. ते जंतूंना मारत नाही. उलट त्यांना वाढायला हवी तशी ऊब देते. दोन तासांचे कारण तर आपल्या नववी-दहावीच्या गणितात बसते. मेंदूज्वराचा हा जंतू साधारण २३ अंशांना दुधात सुमारे ४० मिनिटांनी दुप्पट होतो. दोन तासांत तीन दुपटी, म्हणजे एकाचे आठ. आठ तासांत बारा दुपटी, म्हणजे एकाचे ४०९६. थर्मासमधले दूध तर २३ अंशांहून कितीतरी उबदार. तिथे दुपटीला लागणारा वेळ आणखी कमी. सकाळी सहा ते दुपारी दोन म्हणजे आठ तास. त्या शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

थर्मासचा दोष नाही, त्याचा उपयोग उलटा केला जात होता. थर्मासमध्ये दूध ठेवले तर तो जंतूंची उबवणी होतो. त्याच थर्मासमध्ये नुकतेच उकळलेले पाणी ठेवले आणि कोरडी पावडर वेगळी मोजून ठेवली, तर तो बाळाचा रक्षक होतो. मात्र पावडर घालताना पाणी ७० अंशांच्या वर असायला हवे. एवढी एक अदलाबदल सांगायला पुस्तिकेला दोन ओळी पुरल्या असत्या, आणि तेवढीच आमच्या घरांतून सर्वांत उपयोगी पडली असती.

जिथे मार्गदर्शिका कमी पडते

आता आमचे आक्षेप. पहिला आक्षेप कारणांच्या अभावाविषयी आहे. पावडर निर्जंतुक नसते हे घरगुती पुस्तिका सांगते; पण पुढे पायरीमागून पायरी येते, आकडे येतात आणि त्यांच्यामागचे कारण मोठ्या मार्गदर्शिकेतच राहते. कारण न समजलेली सूचना माणूस सोयीप्रमाणे गाळतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. "दोन तासांनी टाकून द्या" ही सूचना महागड्या डब्यातून चमचे मोजून दूध करणाऱ्या आईला उधळपट्टीची वाटणारच. एकाचे आठ आणि एकाचे ४०९६ हा हिशेब समजला तर तीच सूचना तिला पटेल. अज्ञानी समजून कारण लपवावे अशी ही आई नसते.

दुसरा आक्षेप भौतिकीचा आहे, आणि आमच्या मते तो अधिक गंभीर आहे. "७० अंशांपेक्षा कमी नको" या वाक्याचा घरी अर्थ होतो "७० अंशांपर्यंत निवू द्या". पण ७० हा आकडा ओतण्याच्या पाण्याचा आहे. बाटलीत गेल्यावर ते किती उरते? साधा हिशेब करू. नवजात बाळाची ६० मिलिलिटरची बाटली घ्या. बाटली काचेची, वजन १५० ग्रॅम, खोलीचे तापमान ३० अंश. काचेची उष्णताधारकता पाण्याच्या सुमारे एक-पंचमांश, म्हणून ही बाटली ३० ग्रॅम पाण्यासारखी वागेल. ७० अंशांचे ६० ग्रॅम पाणी तिच्यात ओतले तर दोहोंचे तापमान ५७ अंशांच्या आसपास येऊन ठरते. हवेत जाणारी उष्णता आणि पावडरीने घेतलेली उष्णता यात धरलेलीच नाही. मिश्रण ७० अंशांना राहायचे तर पाणी ९० अंशांचे हवे. मोठ्या बाळाच्या २४० मिलिलिटरच्या बाटलीत हीच घट बरीच कमी होते. म्हणजे ज्या बाळाला धोका सर्वाधिक, त्याच्याच लहान बाटलीत पाणी सर्वांत जास्त निवते. उपाय सोपा आहे. पूर्ण अर्धा तास थांबू नये, आणि बाटली उकळत्या पाण्यातून काढून गरम असतानाच तीत पाणी ओतावे. मात्र त्यानंतर दूध निववणे आणि मनगटावर पाहणे ही पायरी कधीही गाळू नये. घाईत बाळाचे तोंड भाजण्याचा धोका खरा आहे.

अर्ध्या तासाच्या नियमाचेही तसेच. तो सुमारे लिटरभर पाण्याला लागू पडतो. आपल्याकडे कित्येकदा एका बाटलीपुरतेच पाणी लहान पातेल्यात उकळतात. आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्यामुळे ते पाणी अर्ध्या तासाच्या खूप आधी ७० च्या खाली जाते. न्यूटनचा शीतलन नियम शिकवताना हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. झाकलेल्या पातेल्यात लिटरभर आणि उघड्या पातेल्यात पाव लिटर पाणी उकळून, दर पाच मिनिटांनी तापमापी वाचावी आणि आलेख काढावा. खोली ३० अंशांची असेल आणि पहिल्या अर्ध्या तासात पाणी १०० वरून ७० ला आले असेल, तर नियमानुसार दुसऱ्या अर्ध्या तासात ते आणखी ३० अंश न उतरता सुमारे ५३ ला येईल. निवण्याचा वेग मंदावतो आणि पाणी नको त्या कोमटपणात रेंगाळते. आलेखाचा तो भाग मुलांना बोट ठेवून दाखवावा. नियमाला तोंडपाठ व्याख्येपलीकडे काही अर्थ आहे, हे त्यांना तिथे दिसेल.

तिसरा आक्षेप परिस्थितीविषयीचा. धावता नळ, फ्रिज, हवे तेव्हा इंधन हे सारे गृहीत धरून कृती लिहिलेली आहे. उकळते पाणी मिळणे शक्यच नसेल तर खोलीच्या तापमानाच्या सुरक्षित पाण्यात दूध करून ताबडतोब पाजावे, साठवू नये, अशी सोय मोठी मार्गदर्शिका देते. ती समंजस आहे. पण विदर्भात मे महिन्यात नळाचे पाणीच तापलेले असते, तिथे बाटली निववायची कशी? आमचे उत्तर आहे माठ. माठातले पाणी पातेल्यात काढून बाटली बुचाच्या खालपर्यंत त्यात धरावी. ते पाणी बुचाला लागू देऊ नये. बाटली हे साधन स्वतःच अडचणीचे आहे. तिच्या बुचाच्या आणि मानेच्या खाचांत दुधाचा थर राहतो आणि तो ब्रशनेही सहज निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी कपाने पाजण्याची शिफारस करते. आपल्याकडे वाटी-चमचा आणि आजीच्या फडताळातले बोंडले हे त्याचेच भाऊबंद. उघडे तोंड, गुळगुळीत आतली बाजू आणि घासायला सोपे. जुनी वस्तू म्हणून तिचे कौतुक नको, पण ती स्वच्छ करता येते ही गोष्ट विज्ञानाच्या कसोटीवर उतरते.

चौथी उणीव विषयाच्या मर्यादेतून आलेली आहे. मार्गदर्शिका पावडरीपुरती आहे. आपल्या अनेक घरांत मात्र वरचे दूध म्हणजे गाईचे किंवा म्हशीचे, पाणी घातलेले दूध. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे १ ग्रॅम प्रथिन असते, गाईच्या दुधात त्याच्या तिपटीहून अधिक, म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. पाणी घालून प्रथिन कमी होते, पण त्याबरोबर उष्मांक आणि इतर पोषकेही पातळ होतात. म्हणून सहा महिन्यांखालील बाळाला असे घरी बेतलेले दूध नियमित देऊ नये. डब्याचे दूध पुरवून वापरण्यासाठी पावडर कमी घालणे हाही त्याच जातीचा प्रकार. पोट भरलेले दिसते आणि बाळ कुपोषित होत जाते. उलट, अंगी लागावे म्हणून चमचा शिगोशीग भरला तर क्षारांचा बोजा कोवळ्या मूत्रपिंडावर पडतो.

डब्यावरचे वाक्य

कोमट पाण्याचा पुरस्कार करणारेही आहेत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. गरम पाण्याने क जीवनसत्त्वासारखी उष्णतेला नाजूक पोषके घटतात, गुठळ्या होतात, भाजण्याचा धोका असतो असे त्यांचे म्हणणे. मुद्दे खोटे नाहीत. पण घटलेले जीवनसत्त्व भरून काढता येते, मेंदूज्वर भरून काढता येत नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्रही दोन महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या बाळांसाठी गरम पाण्याची काळजी घ्यायला सांगते. त्यामुळे निदान या बाळांबाबत आमचा कौल मार्गदर्शिकेच्या बाजूने आहे.

आपल्या देशात या विषयावर १९९२ चा कायदा आहे; २००३ साली तो अधिक कडक झाला. शिशुदुग्ध आणि बाटल्या यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला तो मनाई करतो. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेचा तो वारस आहे, आणि त्याची गरज आजही संपलेली नाही. पण याच कायद्यानुसार डब्यावर योग्य कृती आणि चुकीच्या कृतीने होणारे धोके छापणेही बंधनकारक आहे. आम्ही पाहिलेल्या काही डब्यांवर "उकळून कोमट केलेले पाणी" असे शब्द होते. या शब्दांनी पाण्यातले जंतू जातात, पावडरीतले राहतात. कायद्याचे शब्द पाळले गेले, हेतू मात्र अर्धाच साधला.

आपली आरोग्यविषयक पुस्तके आणि भित्तिपत्रकेही या दोषातून सुटत नाहीत. त्यांत आईच्या दुधाचे महत्त्व असते, ते असायलाच हवे. पण ज्या आईला ते देता येत नाही, तिच्यासाठी त्यांत एक ओळही नसते. बाटलीविषयी बोलणे म्हणजे बाटलीचा प्रचार करणे, असा काहीसा संकोच त्यामागे असावा. हा संकोच बाळाच्या कामाचा नाही. १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली ती, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळाचे काय, हा प्रश्न सरळ समोर ठेवून. प्रश्न समोर ठेवला की मार्ग निघतात.

एकंदरीत ही मार्गदर्शिका वाचावी, पण तशीच्या तशी फळ्यावर उतरवू नये. तिचे विज्ञान भक्कम आहे. ते घरापर्यंत नेण्याचे काम तिने अपुरे सोडले आहे. ते शिक्षकच पुरे करू शकतात, कारण वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आणि मुलांच्या घरी आज पाळणा हलतो आहे, आणि धाकट्या भावंडाची बाटली भरायचे काम अनेकदा त्यांच्याकडेच असते.

त्या शिक्षिकेला आम्ही चार दिवसांनी फोन करून उत्तर कळवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे थर्मास टाकायचा नाही, त्यात पाणी भरायचं." आमच्या दोन पानांच्या टिपणाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.